तीन डोकी एकदम दुखत नसतात

त्या नवरात्रात मी देवीपुढे दिवा लावला तो आईच्या धाकाने. श्रद्धा वगैरे म्हणाल तर भिलाईहून निघताना ती सामानाच्या वजनात बसली नव्हती. लोणच्याची बरणी बसली, कुकर बसला, आईने जबरदस्तीने कोंबलेली देवीची तसबीरही बसली. पण लहानपणी हात जोडताना जे आतून वाटायचं ते मागेच राहिलं. जर्मनीत पोलादाच्या शास्त्राचा अभ्यास करायला आले त्याचं ते दुसरं वर्ष होतं. प्रयोगशाळेत दिवसभर धातू कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, आणि संध्याकाळी खोलीवर येऊन स्टीलच्या वाटीत तेल घालून वात पेटवायचे. मनात म्हणायचे, हे आईसाठी. आईला फोटो पाठवला की माझी पूजा संपली.

आमच्या वसतिगृहाच्या प्रत्येक खोलीत छताला धुराचा अलार्म होता. मोहरी जरा जास्त तडतडली तरी तो असा किंचाळायचा की मजला गोळा व्हायचा. आम्हा भारतीय मुलींनी त्यावर एक इलाज काढला होता. अंघोळीला घालतात ती प्लास्टिकची टोपी त्याला घालायची. फोडणी टाकायची तर टोपी, उदबत्ती लावायची तर टोपी. आमच्या हुशारीचं आम्हालाच फार कौतुक होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्यात चूक माझी होती आणि ती लपवून देवीची कृपा सांगणं मला जमणार नाही.

घर आमचं भिलाईतल्या रुआबांध्याला. मूळचे आम्ही भंडाऱ्याकडचे. आजोबा शेती भावांवर सोपवून पोलादाचा कारखाना उभा राहत असताना इकडे आले आणि इथलेच झाले. बाबा त्याच कारखान्यात गॅसमन होते. लोखंडाच्या भट्टीतून एक वायू निघतो, तो माणूस आत शिरू शकेल एवढ्या जाडजूड पाइपांतून सगळीकडे फिरवतात. त्याला ना रंग, ना वास. कुठे गळला तर माणसाला झोप आल्यासारखं वाटतं आणि तो उठतच नाही. अशी गळती शोधणं, लोकांना बाहेर काढणं, हे बाबांचं काम. जेवताना आमच्याकडे दुसऱ्यांच्या घरी बोलतात तशा लग्नाकार्याच्या गप्पा कमी आणि गॅसच्या जास्त. "दोघा जणांचं डोकं एका टायमाले दुखलं तर चर्चा नाही करायची, बाहेर निघायचं," हे वाक्य मी वरणभाताबरोबर इतक्यांदा गिळलंय की ते माझ्या हाडात गेलं असेल.

पण या बाबांची मला थोडी लाज वाटायची. आता लिहितानाही ही ओळ खोडून टाकावीशी वाटते, तरी राहू दे. नेहरू नगरच्या शिकवणीत माझ्या बाकावर डॉक्टरांच्या, अधिकाऱ्यांच्या मुली बसायच्या. बाबा काय करतात असं कोणी विचारलं की मी "प्लांटमध्ये आहेत" एवढंच म्हणायचे. जर्मनीत आल्यावर तर आणखी पुढे गेले. माझ्या प्राध्यापकांनी पहिल्याच भेटीत विचारलं, घरात कोणी या क्षेत्रात आहे का? मी म्हणाले, वडील इंजिनिअर आहेत. असं का म्हणाले देव जाणे. खोटं बोलायची काही गरज नव्हती.

नवरात्र बसायच्या आठवडाभर आधी बाबांचा फोन आला. डोंगरगडची बम्लेश्वरी म्हणजे आमच्या भागातली सगळ्यांची आई. डोंगरावर तिचं देऊळ आणि नवरात्रात तिथे भक्तांच्या नावाने नऊ दिवस हजारो जोती तेवतात.

"तुझ्या नावानं जोत लावून राहिलो यंदा," बाबा म्हणाले. "अन् दर्शनाले पायी जातो. अष्टमीले पोचतो."

"बाबा, गुडघे बघा आधी. आणि माझ्या नावाने कशाला? मी तर हे मानतही नाही."

"तू नको मानू. जोत माझी हाये, नाव तुझं हाये. तुले काय त्रास?"

मी फोन ठेवून दिला. गुडघेदुखीचा माणूस दोन दिवस हमरस्त्याने चालणार, तेही अशा मुलीसाठी जी त्यांचं काम चारचौघांत सांगत नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला.

त्याच अष्टमीला, शनिवारी, आमची सहल ठरली. माझी रूममेट अंजना केरळची, आमच्या वर्गातली लान व्हिएतनामची, आणि मी. परीक्षेनंतर तिघींना हवापालट हवा होता, म्हणून डोंगरातल्या एका खेड्यात लाकडी झोपडी दोन दिवसांसाठी घेतली. आईच्या हिशेबी माझा दिवा नऊ दिवस अखंड तेवत होता आणि तिचं म्हणणं एकच, तो विझू द्यायचा नाही. आगगाडीत पेटता दिवा नेता येत नाही हे तिला पटवायला मला दोन फोन लागले. शेवटी पोचल्या पोचल्या लावायचा या अटीवर सुटका झाली. वाटी, वाती, तेलाची छोटी बाटली आणि ती टोपी, सगळं डब्यात भरून घेतलं.

सकाळी पोचलो. मालकीणबाई समोरच्याच घरात राहायच्या, त्यांनी किल्ली दिली आणि धुराड्याला जोडलेली लाकडांची शेगडी कशी पेटवायची ते दाखवलं. आम्ही आधी जंगलात फिरून आलो. धुकं इतकं की पुढची मुलगी दिसेना, आणि परत आलो तेव्हा मोज्यांसकट भिजलो होतो. शेगडी पेटवली. लानने खिडक्या लावल्या, दाराखालच्या फटीत टॉवेल खुपसला. मी फळीवर तसबीर ठेवली, वात लावली आणि सवयीने वर पाहिलं. छताला डबी होती, आमच्या वसतिगृहातल्यापेक्षा मोठी. तिच्यावर काय लिहिलंय ते वाचायचे कष्ट मी घेतले नाहीत. स्टुलावर चढले, टोपी घातली, उतरले. मग तिघी गरम सूप प्यायलो आणि डोकं जड झालंय म्हणत पांघरुणं ओढून पडलो. दुपारचे साडेतीन झाले असतील.

फोन वाजत होता तो मला फार लांबून ऐकू येत होता. उचलायची इच्छा नव्हती. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. दुसऱ्यांदा मी तो उचलला तो केवळ आवाज थांबावा म्हणून. पडद्यावर बाबा दिसले, मागे जाळी, जाळीमागे ओळीने तेवणाऱ्या जोती. भारतात संध्याकाळ झाली होती, आरतीचा घंटानाद चालू होता.

"पाय, पाय बेटा, ही तुझी जोत. तिसऱ्या ओळीत. जलदी पाय, माझा फोन बंद पडून राहिला."

"बाबा, नंतर. डोकं दुखतंय."

"कावून दुखून राहिलं? जेवली नाही का?"

"झोपलोय आम्ही. सगळ्यांचंच दुखतंय. अंजनाचं पण, लानचं पण."

बाबांचा चेहरा कसा बदलला ते मला आजही जसंच्या तसं दिसतं. देवळातला भक्त गेला आणि ड्यूटीवरचा माणूस समोर आला.

"तीन डोकी एकदम दुखत नसतात. गॅस हाये. उठ."

"बाबा, शेगडी आहे फक्त..."

"उठ म्हणलं ना! बोलू नको. दरवाजा खोल आधी. मंग खिडक्या."

मी उठले ते विचार करून नाही. तो आवाज मी लहानपणापासून मानत आलेय, पायांनी परस्पर मानला. पाय कापसाचे झाले होते. दार उघडलं, दोन्ही खिडक्या उघडल्या. अंजनाला हलवलं, ती रडतरखडत माझ्या खांद्यावर आली आणि आम्ही दोघी अंगणातल्या ओल्या गवतात पडलो. लान आतच होती. हाक मारली तर उत्तर नाही. फोन माझ्या हातातच होता.

"बाबा, लान उठत नाहीये. मी आत जाऊ?"

आयुष्यभर बाबांनी कारखान्यातल्या नव्या पोरांना शिकवलं होतं की तोंडाला मास्क नसेल तर आत पाऊल टाकायचं नाही, आत कोणीही असो. वाचवायला गेलेला माणूस दुसरा बळी होतो. तो नियम त्यांच्याइतका कोणालाच माहीत नव्हता. आणि आत दुसऱ्या कोणाची तरी मुलगी होती.

"खिडक्या दोन्ही उघड्या?" त्यांनी विचारलं. "वारा आरपार येऊन राहिला का?"

"हो."

"मंग ऐक. बाहेरून दम भरून जाय. आत श्वास घेऊ नको. उचलू नको तिले, चादरीवर ओढ. दहा मोजले की बाहेर. झालं नाही तरी बाहेर ये. आली पायजे तू बाहेर, समजलं? दहा..."

आणि फोन बंद पडला.

मी दम भरला आणि गेले. पहिल्या खेपेला लानला पलंगावरून फक्त चादरीसकट खाली आणता आलं. दहा मोजून बाहेर आले. दुसऱ्या खेपेला उंबऱ्यापर्यंत ओढली, तिथे अंजनाने उठून हात लावला आणि ती बाहेर आली. लानने गवतात ओकारी काढली तेव्हा मला एवढा आनंद झाला की मी हसायलाच लागले. समोरून मालकीणबाई धावत आल्या, त्यांनी गाडी बोलावली. थोड्या वेळात आम्ही तिघी दवाखान्यात नाकाला नळ्या लावून शेजारी शेजारी पडलो होतो. डॉक्टर म्हणाले, बऱ्या व्हाल. आणखी थोडा वेळ झोपल्या असतात तर सांगता आलं नसतं.

बाबांचा फोन लागेना. मी आईला लावला. सगळं सांगितलं. मग मला, का कोण जाणे, रडू फुटलं आणि मी म्हणाले, "आई, दिवा विझला गं. खिडकी उघडली ना, वाऱ्याने विझला."

"इझला त इझू दे," आई म्हणाली. "माझं नवरात्र का दिव्यावर हाये? तू बोलून राहिली ना माझ्याशी, झालं माझं नवरात्र. ठेव आता, तुह्या बाबाले लावू दे."

डोंगरावर काय झालं ते मला बाबांनी नंतर सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यांनी. दोन दिवसांच्या चालण्यात त्यांचा फोन जवळपास संपला होता. जोती पाहायची रांग लांबलचक. बाबा सारखा फोन काढून बघत होते. पुढे एक म्हातारी उभी होती, कुठल्याशा खेड्यातून बायकांच्या घोळक्याबरोबर आलेली. एवढी घाई कशाची म्हणून तिने छत्तीसगढीत विचारलं, "काबर अतका हड़बड़ावत हस भइया?" बाबांनी सांगितलं, फोन बंद पडेल, परदेशातल्या मुलीला तिची जोत दाखवायची आहे. म्हातारी बाजूला सरली. "त जा ना आघू. मोर जोत कहूँ भागत नइ हे." पुढे जा म्हणाली, तिची जोत काही पळून जात नव्हती. तिने नुसती आपली जागा दिली नाही, पुढच्या बायकांनाही दटावून बाबांसाठी वाट करून दिली. नाहीतर त्यांची पाळी यायला सहज अर्धा तास लागला असता. तोवर त्यांचा फोन टिकला नसता, आणि टिकला असता तरी इकडे उचलायला कोणी असतं की नाही, हे मला लिहवत नाही.

फोन बंद पडल्यावर बाबा त्या जाळीपाशीच बसले; माझा परदेशातला नंबर त्या बंद फोनातच होता. आपण मुलीला आत पाठवलं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. "त्या टायमाले मी देवीले काहीच मागितलं नाही," ते म्हणाले. "मले दहाच्या पुढे मोजताच येऊन नाही राहिलं. परत परत एक ते दहा मोजून राहिलो." दर्शन करून म्हातारी बाहेर आली, तिने त्यांना तसं पाहिलं, विचारलं, आणि घोळका सोडून त्यांच्याशेजारी फतकल मारून बसली. सगळं ठीक होईल वगैरे काही बोलली नाही. उठून एका प्रसादाच्या दुकानदाराला फैलावर घेतलं आणि त्याचं चार्जर मिळवलं. पाऊण तासाने फोन जिवंत झाला आणि लगेच आईचा आवाज आला, "तिघी बी ठीक हायेत." बाबा रडायला लागले. म्हातारी म्हणाली, "बने होगे. त अब मोला चाय पिया." बरं झालं, तर आता मला चहा पाज, असं तिचं म्हणणं. दोघांनी चहा घेतला. तेवढ्यात तिच्या गावच्या बायकांनी हाका मारल्या आणि ती गेली. नाव विचारायचं बाबांना सुचलंच नाही.

रविवारी आम्ही सामान घ्यायला झोपडीवर गेलो तेव्हा छतावर एक माणूस होता. काळे कपडे, पितळी बटणं, हातात लांब ब्रश. तिकडे धुराडी साफ करणं, तपासणं हा रीतसर शिकून करायचा धंदा आहे आणि ती माणसं मोठ्या मानाची. धुराड्यात पक्ष्याने घरटं बांधलं होतं. निखाऱ्यांतून निघणारा, बाबांच्या भट्टीतलाच तो बिनवासाचा वायू उलटा आत आला होता. खाली येऊन त्याने छताकडे बोट दाखवलं. टोपी तशीच होती. ती डबी धुराबरोबर गॅसचाही इशारा देणारी होती. "हे कोणी केलं?"

मी केलं, मी म्हणाले. का केलं तेही सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने स्टुलावर चढून टोपी काढली, माझ्या हातात दिली आणि विचारलं, मग बाहेर कशा पडलात? वडिलांनी फोनवर ओळखलं, मी म्हणाले. "इंजिनिअर आहेत का ते?"

"नाही," मी म्हणाले. "गॅसमन आहेत."

कितीतरी वर्षं अडकलेला शब्द तो. बाहेर पडला तेव्हा माझी मान आपोआप वर झाली. त्याने डोक्यावरची काळी हॅट काढली आणि म्हणाला, मला त्यांच्याशी बोलता येईल? मी फोन लावला. बाबा घरी पोचले होते, पाय कोमट पाण्याच्या बादलीत. एकाची जर्मन, एकाची आमची बोली, मधे मी. बाबांनी पहिला प्रश्न केला, "चिमणीचा ड्राफ्ट, धुराची वरची ओढ, पायली का त्यानं? अन् हवा खालून येते का?" मग दोघं जे सुरू झाले ते माझ्या भाषांतराची वाटही पाहीनात, हातानेच पाइप आणि वारा दाखवू लागले. मी पोलादाची विद्यार्थिनी, पण त्यांचं अर्धं बोलणं मला समजत नव्हतं. शेवटी तो मला म्हणाला, तुझ्या वडिलांसारखा माणूस माझ्या हाताखाली असता तर मी रात्री निवांत झोपलो असतो. हे वाक्य मी बाबांना दोनदा सांगितलं.

मग मी बाबांना टोपीचं सांगितलं. "अलार्म बी माणूसच असते बेटा," ते एवढंच बोलले. "आपल्यासाठी वरडून राहिला त्याच्या तोंडावर कोणी हात ठेवते का?" त्यानंतर आजवर त्यांनी तो विषय काढलेला नाही. सोमवारी मी प्राध्यापकांच्या खोलीत जाऊन, कोणी विचारलेलं नसताना, दुरुस्ती करून आले.

पुढच्या नवरात्रात मी शिक्षण संपवून घरी होते. बाबांबरोबर डोंगरगडला गेले. पायऱ्या चढताना मी दमले, ते नाही. आदल्या वर्षीची म्हातारी दिसते का म्हणून ते प्रत्येक लुगड्याकडे निरखून पाहत होते. नाव नोंदवायच्या खिडकीवर बसलेल्या माणसाने विचारलं, जोत कोणाच्या नावाने? बाबा म्हणाले, नाव माहीत नाही. तो वैतागला, काहीतरी लिहावं लागेल ना. तेव्हा बाबांनी सांगितलं, "लिहा, रांगेतली आई."

देवी बोलली का, म्हातारी देवी होती का, हे मला कोणी विचारू नये. मला एवढं ठाऊक आहे की एका बाईने जागा दिली, एका माणसाने आपलं काम नीट शिकून ठेवलं होतं, आणि मी, जिने इशाऱ्याचं तोंड बांधलं होतं, आज हे लिहायला बसले आहे. शरण जाणं म्हणजे सगळं देवीवर टाकून स्वस्थ बसणं असं मी समजत होते, म्हणून ते मला पटत नव्हतं. बाबा तसे कधीच शरण गेले नाहीत. आपल्या हातातलं सगळं ते करतात, आणि फोन बंद पडला की जाळीपाशी बसून एक ते दहा मोजतात.

त्या दिवशी रांग सरकत सरकत आम्ही जोतींच्या दालनापाशी आलो. आत उजेडाचा नुसता महापूर, तेलाचा वास, शेकडो ज्वाळा. लोक हात जोडत होते. बाबांनी आधी वर पाहिलं. झरोके कुठे आहेत, उघडे आहेत का, सगळं पाहून झाल्यावर त्यांनी समाधानाने मान हलवली आणि मग हात जोडले. मला हसू आलं. मी त्यांना चिडवणारच होते, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मीही वरच पाहत होते.